वर मेण, खाली मेण

आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब कॅनडाला गेलं, तेव्हा त्यांचं बुटकं सागवानी कपाट मी घेतलं. वर तीन ड्रॉवर, खाली दोन दारं, पितळी कड्या आणि सगळ्यावर फिकट निळसर करडा रंग. तो रंग त्या घरच्या वहिनींनी हौसेनं स्वतः दिलेला. उन्हाळाभर कपाट शहाण्यासारखं वागलं. पावसाळा लागला आणि त्याची लक्षणं दिसायला लागली. वरच्या फळीवर ठेवलेलं वर्तमानपत्र उचलताना चर्र आवाज करत सुटायचं आणि मथळ्याची शाई फळीवर उलटी उमटायची. चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ. ठाण्याच्या दमट हवेत धूळ त्याच्यावर बसत नव्हती, रुतत होती. फळीच्या कडेला, जिथे येताजाता हात लागतो तिथे, रंगाचे पापुद्रे सुटत होते. एका पापुद्र्याला नख लावलं तर बोटभर लांब पट्टी सरळ निघून आली आणि खाली लाकूड अगदी तुळतुळीत. रंगाचा एक कणही मागे राहिलेला नाही.

आमच्या इमारतीत कुणाकडेही लाकडाचं काम निघालं की राजापूरकडचे एक मिस्त्री येतात. सुतारकामापेक्षा पॉलिशमध्ये त्यांचा हात जास्त बसलेला. त्यांनी तो पापुद्रा हातात घेतला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा नाकाशी नेला.

"ताई, हा रंग लाकडावर बसलेलाच नाही. मेणावर बसलाय."

वहिनींना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून दोन गोष्टी कळल्या. एक, रंग म्हणजे भिंतीचं इमल्शन, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलेलं. आणि तो वाळल्यावर वरून पारदर्शक मेणाचे दोन हात. दोन, हे कपाट त्यांच्या सासऱ्यांचं, आणि ते दर दिवाळीला त्याला मेणाचं पॉलिश चोळायचे. म्हणजे रंगाच्या वर मेण आणि रंगाच्या खालीही मेण. चिकटपणा वरच्या मेणाचा, पापुद्रे खालच्या मेणामुळे. रोग दोन होते आणि त्यांचे उपायही वेगवेगळे, हे तेव्हाच लक्षात आलं म्हणून पुढचा बराच त्रास वाचला.

हा खडूसारखा दिसणारा रंग मूळचा ऑक्सफर्डचा. अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये तो काढला आणि 'चॉक पेंट' हे नाव दिलं. फार घासघिस न करता, प्रायमर न लावता जुन्या फर्निचरवर देता यावा हे त्याचं आकर्षण. घरी इमल्शनमध्ये प्लास्टर किंवा खडूची पावडर घालून लोक करतात ती त्याची नक्कल. दिसायला जवळपास तशीच होते, धरायला तशी होईलच असं नाही. रंग मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे त्याला वरून संरक्षण लागतं आणि तिकडे ते मेणाचं देतात. कोरड्या, थंड हवेत ते चालून जातं. मेण वॉर्निशसारखं कडक होत नाही. त्यातला द्रव उडून जातो आणि मेण मागे राहतं, एवढंच. थर जाड बसला की आतला द्रव नीट उडत नाही आणि मेण लिबलिबीत राहतं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ पडायला तेवढं तापावं लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेलं कपाट दुपारी हाताला कसं लागतं ते मी रोज बघत होते.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं: वरून वॉर्निशचा एक हात मारा, सगळं बंद होऊन जाईल. मिस्त्री हसले. त्यांनी कपाटाच्या कुशीला, भिंतीकडच्या बाजूला, पाण्यावर चालणाऱ्या पारदर्शक पॉलिशचा ब्रश एकदा ओढून दाखवला. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे मणी झाले आणि आपापल्या जागी बसून राहिले. तेलाचं वॉर्निश पसरलं असतं, ते म्हणाले, पण वाळायला दिवसेंदिवस लावलं असतं आणि वाळल्यावर नखानं निघालं असतं. मेणावर फक्त मेण बसतं. बाकी कशालाही बसायचं असेल तर आधी मेणानं उठलं पाहिजे.

लगेच काम सुरू करायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "दसरा होऊ दे. पावसात चपडी पांढरी पडते." चपडी म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश. त्यातलं स्पिरिट भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि दमट हवेतलं पाणी त्या थरात अडकून त्यावर दुधाळ सावट येतं. मग मी वरच्या फळीवर एक जुनी चादर टाकली आणि ऑक्टोबरची वाट पाहिली.

मधल्या काळात एक करता येण्यासारखं होतं: कुठला रंग ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवणं. त्यासाठी मिस्त्रींनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे. ब्लेडनं रंगावर बारीक चौकडी मारायची, लाकडापर्यंत. वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. वरच्या फळीवरचे चौकोन पट्टीला चिकटून जवळजवळ सगळेच आले. डाव्या दाराचे निम्मे. ड्रॉवरच्या तोंडांवर आणि दोन्ही कुशींवर मात्र एकही हलला नाही. तसं का, ते जरा विचार केल्यावर कळलं. सासरेबुवा दर दिवाळीला चोळायचे ते दिसणारा भाग, आणि त्यातही वरची फळी मन लावून. कुशी भिंतीला आणि सोफ्याला लागून, त्यांच्या वाट्याला मेण कमीच आलेलं. ड्रॉवरच्या तोंडांचं कोडं पुढे वहिनींनीच सोडवलं: जुन्या कड्यांची भोकं बुजवताना ती आधीच घासून काढलेली होती.

म्हणून ठरलं ते असं: फळी आणि डावं दार उघडं करायचं, बाकीचा रंग ठेवायचा आणि नुसता बंद करायचा. सगळंच खरवडून सागवान 'मोकळं' करावं, असं मला सांगणारे बरेच निघाले. सागवानावर रंग म्हणजे पाप, असं मानणारा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. मी त्यातली नाही. तो करडा रंग मला आवडला होता म्हणूनच मी कपाट घेतलं होतं.

आधी वरचं मेण. ह्यासाठी लागतं ते टर्पेंटाइन, जुने सुती कपडे आणि भांडी घासायची हिरवी घासणी, नवी. तारेची घासणी सागवानाच्या आसपास नको. तिचे लोखंडी तुकडे रेषांमध्ये अडकतात आणि पुढे पाण्याचं काही लावलं की सागातल्या रसाशी मिळून काळे ठिपके उठतात. इमल्शन एकदा नीट वाळलेलं असलं की टर्पेंटाइन त्याला फारसं काही करत नाही, मेणाला मात्र विरघळवतं. फडकं भिजवायचं, हातभर जागेवर फिरवायचं, मिनिटभर थांबायचं आणि ते ओलं असतानाच कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचं. सगळी मेख ह्या 'ओलं असतानाच'मध्ये आहे. टर्पेंटाइन उडून गेलं की विरघळलेलं मेण जागच्या जागी परत बसतं. मग आपण मेण काढत नसतो, नुसतं इकडून तिकडे सारवत असतो. फडक्याची घडी दर वेळी बदलायची, आणि घडी संपली की फडकं बदलायचं. घरातल्या जुन्या पंचांचा आणि बनियनांचा साठा ह्यात निकालात निघाला.

पहिली फडकी पिवळट आणि चिकट निघाली, मग नुसती मळकी, मग स्वच्छ. स्वच्छ निघाली म्हणजे झालंच असं नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो गोल टपोरा बसून राहिला तर मेण आहे, हळूहळू पसरून गडद डाग पडला तर रंगाची छिद्रं मोकळी झाली. दाराच्या नक्षीत, जिथे मेण दाटून बसतं तिथे, जुना टूथब्रश लागला. खिडक्या सगळ्या उघड्या, देव्हाऱ्यातला दिवा त्या दिवसांत लावलेला नाही, आणि वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात न टाकता गच्चीच्या कठड्यावर एकेक पसरून वाळवलेली. ह्याबाबत मिस्त्री फार कडक. जुन्या पॉलिशमध्ये अळशीचं तेल असतं आणि त्या तेलाच्या फडक्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ही भीती दाखवण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही, खरोखर घडणारी आहे.

खालच्या मेणाचं काम वेगळं. फळीवरचा रंग पत्र्यानं, म्हणजे पेंटर लांबी भरायला वापरतात त्या चपट्या पत्र्यानं, बराचसा सालीसारखा निघाला. मेणावर बसलेला होता, त्यामुळे इथे मेणानंच मदत केली. जिथे घट्ट होता तिथे स्पिरिटचं फडकं पसरून थोडा वेळ ठेवलं की इमल्शन मऊ पडायचं आणि पत्र्याखाली गोळा व्हायचं. रंग अलीकडचा आणि घरी दिलेला होता, म्हणून मी निर्धास्त होते. जुना ऑइलपेंट असता तर इतक्या बेफिकिरीनं हात लावला नसता. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात काय असेल ते सांगता येत नाही आणि असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणं, तेही लहान मुलं असलेल्या घरात, अगदी चुकीचं.

रंग गेल्यावर हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. मिस्त्रींनी अडवलं. घासल्यानं मेण जात नाही. घासताना जागा तापते, मेण पातळ होतं आणि सागाच्या रेषांत अजून खोल उतरतं. पेपरवर राखाडी गोळ्या जमतात आणि तो दोन हातांत निकामी होतो. आधी टर्पेंटाइन, मग पेपर. इथे टर्पेंटाइन ओतून, हिरव्या घासणीनं रेषेरेषेनं चोळून, ओलं उचलून, परत ओतून. सासऱ्यांच्या कित्येक दिवाळ्या त्या फडक्यांत उतरत होत्या आणि त्या तांबूस-तपकिरी रंगाला जुन्या कपाटाचा सुरेख वास होता. तो घालवताना थोडं वाईट वाटलं, हे खरं. मग १२० चा पेपर, १८० चा, शेवटी २२० चा. पेपरवर कोरडी, मोकळी पावडर पडायला लागली. गोळी होत नव्हती. हीच मेण संपल्याची सगळ्यात भरवशाची खूण.

घासलेल्या फळीच्या एका टोकाला स्पिरिटचं बोट लावून मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. बोट चिकटलं. म्हणजे मेणाच्याही खाली कधीकाळी चपडीचं पॉलिश होतं. "मग तर चांगलंच आहे. चपडीवर चपडी एकजीव होते."

ह्या सगळ्या प्रकरणात माझा जीव जडला तो चपडीवर. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जो राळेसारखा थर तयार करतात त्याची शुद्ध करून केलेली पातळ पापुद्री म्हणजे चपडी. झारखंड हे तिचं मोठं माहेर, आणि रांचीला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. मधासारख्या रंगाचे, नखाएवढे काचेरी तुकडे. हातात घेतले तर कुरकुरीत मोडतात. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवले की विरघळतात. त्याचं वैशिष्ट्य असं की जवळपास कशावरही ती धरते आणि तिच्यावर जवळपास काहीही धरतं. दोन न पटणाऱ्या थरांच्या मधे बसायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. थोडंफार मेण लाकडात राहून गेलं असेल, सागाचा तेलकटपणा असेल, पिवळा रस वर येत असेल, ते सगळं ती खाली दाबून ठेवते. पाण्याच्या रंगाखाली सागवानाचे कळकट पिवळे डाग उमटतात तेही तिनं थांबतात.

पण साध्या चपडीत तिचं स्वतःचं मेण असतं, सुमारे तीन ते पाच टक्के. एवढा आटापिटा करून मेण काढायचं आणि पुन्हा मेणाचाच हात मारायचा, असं झालं असतं. शेवटी वरून द्यायच्या पीयूला, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पारदर्शक थराला, तो तेलाचा असो की पाण्याचा, ते मेण आवडत नाही. ह्यावर मिस्त्रींचा उपाय बिनखर्चाचा. लिटरभर स्पिरिटला साधारण दोनशे ग्रॅम चपडी, काचेच्या बरणीत. विरघळल्यावर बरणी हलवायची नाही. फडताळात ठेवून विसरून जायचं. सुरुवातीला ती ताकासारखी गढूळ दिसते. हळूहळू मेण खाली बसतं आणि वर निवळ उरते, चहाच्या रंगाची, आरपार. ती निवळ नळीनं अलगद दुसऱ्या बाटलीत काढायची, खालचा गढूळ भाग घ्यायचा नाही. बिनमेणाची तयार चपडीही मिळते, पण बरणीत ते मेण खाली उतरताना बघणं मला आवडलं. रोज सकाळी फडताळ उघडून रेषा किती खाली गेली ते बघायचा चाळाच लागला. हे घरात ठेवताना लाक्षागृहाची आठवण ठेवावी. लाख आणि स्पिरिट दोन्ही पेटणाऱ्या वस्तू, बरणी गॅसच्या आसपास नको.

फळीवर आणि डाव्या दारावर चपडी बोळ्यानं लावली. कापसाचा गोळा, वर धुवून मऊ झालेलं मलमल, घट्ट बांधून केलेली पोटली. बोळा ओला, पण दाबल्यावर गळणार नाही इतपत. लाकडावर टेकवून सुरू करायचा नाही. वरून विमान उतरवतात तसा चालता चालता टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. मधे थांबलात तर डाग. माझे पहिले काही पट्टे मिस्त्रींनी बघून न बघितल्यासारखे केले. पातळ हात, अर्ध्यापाऊण तासानं दुसरा, मग ३२० च्या पेपरनं नुसता मऊपणा देण्यापुरतं घासणं.

डाव्या दारावर एक गंमत झाली. मेण पूर्ण काढल्यावरसुद्धा पहिल्या हातात बारीक गोल खळगे पडले, माशाच्या डोळ्यासारखे. ते मेणाचं काम नव्हे. फर्निचर चमकवायच्या काही स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं आणि ते टर्पेंटाइननं पूर्णपणे निघत नाही. मिस्त्रींनी खळग्यांवर चपडीचा अगदी कोरडा हात चार-सहा वेळा फिरवला, प्रत्येक वेळी वाळू देऊन, आणि ते बंद झाले. एक-दोन राहिले आहेत, बिजागरीजवळ. राहू देत.

ड्रॉवर आणि कुशींवर, म्हणजे जिथे करडा रंग ठेवायचा होता तिथे, प्रश्न उलटा होता. स्पिरिट इमल्शनला मऊ करतं, हे फळीवर आम्ही वापरून घेतलंच होतं. तेच आता नडणार होतं. बोळा फिरवला असता तर करडा रंग बोळ्यावर आला असता. म्हणून इथे मऊ, रुंद ब्रश, चपडी आणखी पातळ, एका दिशेनं एकच ओढ, परत त्या जागेवर जायचं नाही. शिवाय पिवळसर चपडीनं निळसर करडा रंग हिरवट झाला असता, म्हणून इथे विरंजित केलेली पांढरी चपडी, तीही बिनमेणाची, विकत आणली. ड्रॉवरच्या मागच्या बाजूला आधी करून बघितलं. रंगात किंचित खोली आली, बस्स. दाराला मात्र चपडीच्या वर पुन्हा करडा रंग द्यायचा होता, तिथे मधाळ चपडी चालली. खालचा रंग कोण बघतो? वहिनींनी उरलेला डबा कपाटाबरोबरच दिलेला होता, तोच वापरला. प्लास्टर न घालता.

शेवटचा थर चपडीचा ठेवता येत नाही. तिला गरम कपाचं आणि स्पिरिटच्या थेंबाचं वावडं. म्हणून सगळीकडे पाण्यावर चालणारं मॅट पीयू, दोन हात, फळीवर तीन. तेलाचं पीयू कालांतरानं पिवळं पडतं, करड्या रंगावर ते नको होतं. कुशीच्या ज्या जागी मिस्त्रींनी पूर्वी मणी करून दाखवले होते तिथेच मी पहिला ब्रश मुद्दाम ओढला. सरळ, सपाट पसरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकडी मारून पट्टी ओढली, पट्टी स्वच्छ निघाली. त्या चौकडीचे चरे अजून आहेत, सोफ्याआड.

पीयू तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण आतून कडक व्हायला काही आठवडे घेतं. तोवर फळीवर जड काही नाही, वर्तमानपत्रही नाही. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा फराळाची ताटं जेवणाच्या टेबलावरच होती आणि सासूबाईंनी विचारलं की मग एवढं कपाट केलं कशाला. ड्रॉवर अडकत होते त्यांच्या पट्ट्यांना मिस्त्रींनी जाता जाता मेणबत्ती चोळून दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इथे चालतं."

आता पुसायला ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं, दुसरं काही नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींकडून चमकवायचा स्प्रे मी काढून घेतला आहे. त्यांना ते पटलेलं नाही. बाटलीत अजून थोडी निवळ उरली आहे आणि तिच्यावर मी तारीख लिहून ठेवली आहे. विरघळवलेली चपडी सहाएक महिन्यांनी वाळेनाशी होते. वापरायच्या आधी काचेवर थेंब टाकून बघायचा, तासाभरात कडक झाला नाही तर टाकून द्यायची. आरशाची चौकट त्याच्या आत व्हायला हवी.